सात यायला नको होता

"साहेब, सात नंबर अडलाय!"

शनिवारी सकाळी फोन वाजला तेव्हा साहेबांच्या अर्ध्या गालावर दाढीचा फेस होता. त्यांनी फोन दुसऱ्या गालाला लावला.

"अडलाय म्हणजे?"

"काल संध्याकाळी येत होता. चार ओढला, मग सात ओढला, दोन्ही आले. घड्याळजींच्या देखत. आज चार ओढल्यावर सात जागचा हलत नाही. कुणीतरी हात लावलाय."

"चोरीला काय गेलं?"

"तीच तर गंमत आहे. काहीच गेलं नाही. इंजिनं, डबे, कपाटं, सगळं जिथल्या तिथे. फक्त माझ्या बाबांची फ्रेम बरोबर चालायला लागलीये." पलीकडे ताईंचा आवाज फुटला. "बरोबर चालतेय, साहेब! आता उद्या मी लोकांना काय दाखवू, कपाळ?"

साहेब म्हणाले, "कुणालाही हात लावू देऊ नका. येतो." उरलेली दाढी तशीच राहिली.

आता तुम्ही म्हणाल, यंत्र बरोबर चालायला लागलं तर पेढे वाटायचे, रडायचं कशाला? त्यासाठी एकतीस वर्षं मागे जायला हवं.

एका लहानशा स्टेशनात रेल्वेची केबिन होती. केबिनमध्ये बारा लिव्हरांची फ्रेम. ओढायचे लिव्हर, हलायचे सिग्नल आणि रुळांचे सांधे. तिथल्या केबिनवाल्याने एका संध्याकाळी पॅसेंजरसाठी चार नंबर ओढून सिग्नल दिला. पुढे आठ ओढायचा, तर हात सातवर पडला. सात म्हणजे गाडीला सायडिंगकडे, बाजूच्या बंद रुळाकडे, वळवणारे सांधे. माणसाचा हात चुकणारच, म्हणून तर फ्रेमच्या पोटात अडसर बसवलेले असतात. चार ओढलेला असला की त्याचा अडसर सातला घट्ट धरून ठेवतो. कितीही जोर लावा, सात येत नाही.

त्या संध्याकाळी सात आला. पॅसेंजर सायडिंगला वळली, उभ्या मालडब्यांवर आदळली, आणि तिचा ड्रायव्हर जागीच गेला.

चौकशीला रेल्वेने पाठवले ते हेच साहेब. त्यांनी दुसऱ्या दिवशी चार ओढला, सात ओढून पाहिला. सात हलला नाही. अडसर जागेवर होता. मग रिपोर्टात दुसरं काय येणार? गाडी तोंडावर असताना केबिनवाल्याने दिलेला सिग्नल परत घेतला, म्हणजे चार मागे लावला, आणि सांधे फिरवले, वर खोटंही बोलतो आहे. केबिनवाल्याची नोकरी गेली. तो मरेपर्यंत एकच वाक्य म्हणत राहिला, "हात माझा चुकला, कबूल. पण सात यायला नको होता."

पुढे तो लाकडाच्या वखारीत कामाला लागला. घरी येऊन दोन वर्षं पितळ घासत बसला आणि त्या फ्रेमचं हुबेहूब मॉडेल केलं. बोटाएवढे बारा लिव्हर, तेच रंग, पोटात तशाच पट्ट्या, तसेच अडसर. फक्त चार आणि सातमधल्या अडसराची खाच त्याने रिकामी सोडली. येईल त्याला तो म्हणायचा, ओढा चार, आता ओढा सात. लोक दोन्ही ओढायचे, चहा प्यायचे आणि जिना उतरताना डोक्याजवळ बोट फिरवायचे. अकरा वर्षांपूर्वी तो गेला.

ताई त्याची मुलगी. शिवणकाम करून घर चालवतात. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी गंजलेली फ्रेम माळ्यावरून काढून मॉडेल रेल्वे क्लबात दुरुस्तीला आणली. रविवारी क्लबचं प्रदर्शन, रेल्वेतली सगळी जुनी मंडळी येणार. ताईंनी साहेबांना स्वतः फोन करून बोलावलं होतं. "मला भांडायचं नाही, साहेब. तुमच्या आणि त्या लोकांच्या समोर दोन लिव्हर ओढून दाखवायचेत, बस. आई ऐंशीची झाली. तिच्या डोळ्यांदेखत बाबांच्या नावावरचा तो डाग पुसला जावा, एवढंच."

साहेब हो म्हणाले होते. तेव्हापासून त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. का, ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

*

क्लब म्हणजे लाँड्रीच्या दुकानावरची एक लांबट खोली. खालून वाफ वर यायची आणि खोली कायम दमट असायची. भिंतीलगत रूळ, बोगदे, कापसाचे डोंगर. खिडकीखालच्या टेबलावर फ्रेम होती. साहेब तिच्यापाशी गेले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून नुसते बघत राहिले.

लिव्हरांची पोलादी हँडलं आरशासारखी चमकत होती. फक्त एक, दोन आणि तीनवर बोटांचे तांबूस डाग होते. चार आणि सात लखलखीत. बारा नंबरचा लिव्हर पांढरा. पांढरा म्हणजे फालतू, त्याला काही जोडलेलं नसतं. त्या बारावर एक पिवळं फडकं चौघडी घालून टाकलेलं होतं.

"हे फडकं?"

"बाबांचं. लिव्हर उघड्या हाताने धरायचा नाही, घामाने गंजतो. ते कायम फडक्याने धरायचे."

"इथे तुम्ही टाकलंत?"

"छे! काल चार आणि सात ओढून पाहिले आणि फडकं ड्रॉवरमध्ये टाकलं. मला दिवसभर लोकांचे कपडे शिवायचे असतात, तेलकट फडकं असं उघड्यावर ठेवायची सवयच नाही."

"आज सकाळी लिव्हर कशाने ओढलेत?"

"माझ्या रुमालाने. क्लबच्या सेक्रेटरींनी आठला दार उघडलं, मी त्यांच्या मागूनच आत आले. फडकं तेव्हाच तिथे होतं." ताई थांबल्या. "अगं बाई, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

तेवढ्यात घड्याळजी धापा टाकत जिना चढून आले. बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. तीन महिने फ्रेमची साफसफाई त्यांनीच केली होती. साहेबांनी नुकताच हातात घेतलेला स्क्रू-ड्रायव्हर बघून ते दारातूनच ओरडले.

"आणा तो इकडे! साहेब, तुम्ही मोठे माणूस, पण हे स्क्रू तुमच्या हातचे नाहीत."

त्यांनी बोटांना रबरी टोप्या चढवल्या, खालची झाकणपट्टी काढली आणि भिंग डोळ्याला लावलं. दुसऱ्या क्षणी भिंग टेबलावर पडलं.

"हा कुठून आला?"

पोटात दहा अडसर होते, जुने, तांबूस पडलेले, चौकोनी. आणि चार-सातच्या खाचेत अकरावा. नवा कोरा पितळी तुकडा.

घड्याळजींनी तो चिमट्याने काढून साहेबांच्या तळहातावर ठेवला. गव्हाच्या दाण्यापेक्षा जेमतेम मोठा. तीन कोपरे काटकोनात, चौथा तिरका कापलेला.

साहेब बराच वेळ त्या चौथ्या कोपऱ्याकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

"काही नाही. उकडतंय." त्यांनी तुकडा कागदात गुंडाळून वरच्या खिशात ठेवला. "किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत?"

"तिघांकडे. सेक्रेटरी, घड्याळजी आणि आमचे फिटरकाका."

"उद्या काय दाखवणार हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

"याच तिघांना. गुरुवारी, इथेच. साहेब, यातलं कुणी माझ्या वाइटावर असेल असं मला नाही वाटत."

"वाइटावरच कशाला असायला हवं?" साहेब म्हणाले.

*

सेक्रेटरी दातांचे डॉक्टर होते. त्यांना कुणी बोलत असलं की लगेच त्याचे दात मोजायची सवय होती.

"गुरुवारी तुम्ही म्हणालात की एक तुकडा टाका आणि फ्रेम नीट चालू करा?"

"म्हणालो. परत म्हणतो. प्रदर्शनात बिघडलेलं यंत्र कोण ठेवतं? आज बघितलं तर आपोआप नीट! म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला."

"तुमच्याकडे पितळ घासायचं यंत्र आहे."

"दात घासायचं आहे! आणि साहेब, एवढा बारीक तुकडा मी केला असता तर तुमच्या हातात खणखणीत बिल ठेवलं असतं."

"काल शेवटी खोली कुणी बंद केली?"

"मी. सहा वाजता. दोन पाहुण्यांना एक, दोन, तीन ओढून दाखवले आणि कुलूप लावलं. चार-सातला हात लावला नाही, ताई चिडतात."

साहेबांनी एक, दोन, तीनवरचे डाग पुन्हा पाहिले आणि मान हलवली.

घड्याळजींना त्यांनी बाजूला घेतलं.

"खाच रिकामी आहे हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"पहिल्या तासापासून."

"हात शिवशिवला नाही?"

"शिवशिवला तर! तीन महिने झोपेत ती खाच दिसायची. पण ताईंना विचारलं, त्या म्हणाल्या, तशीच राहू दे. मी साफ करणारा माणूस, साहेब. दुसऱ्याच्या कामात सुधारणा करणारा नाही. आणि मी केला असता तर चारही कोपरे काटकोनात असते. हा चौथा कोपरा बघून माझ्या पोटात दुखतंय. कशाला कापलाय? इथे तो कशालाच अडत नाही!"

"नक्की अडत नाही?"

"कोपरा न कापताही ऐसपैस बसला असता."

साहेबांनी खिशावर हात ठेवला.

फिटरकाका दुपारी तीनला आले. पंचाहत्तरी गाठलेला, ताठ, हसतमुख माणूस. एका हातात तेलाची बुधली, दुसऱ्या हातात ताईंच्या शिलाई मशीनचा नवा पट्टा. रेल्वेत सिग्नल-फिटर म्हणून चाळीस वर्षं काढलेली. ताईंच्या घरी ते घरचेच. नळ गळला, काका. पंखा बंद पडला, काका. बाबांचं दुखणं आलं तेव्हा दवाखान्यात रात्री जागले ते काकाच.

"कुणीतरी चेष्टा केली असेल हो," ते म्हणाले. "पोरी, तू जिवाला लावून घेऊ नकोस."

"तुम्ही इथे शेवटचे कधी आलात?" साहेबांनी विचारलं.

"गुरुवारी. काल गुडघा धरला होता, घरीच होतो."

"आज सकाळी?"

"आज सकाळीही घरीच. विचारा हवं तर सूनबाईला."

"ती केबिन तुमच्याकडे होती ना, त्या काळी?"

काकांच्या हातातली बुधली क्षणभर थांबली. "माझ्याकडे सहा केबिनी होत्या, साहेब. त्यातली एक."

"मग एक काम करू," साहेब म्हणाले. "अडसर मी काढलाय. चार आणि सात एकेकाने ओढून दाखवा. मला फक्त बघायचंय."

सेक्रेटरी पुढे झाले आणि त्यांनी उघड्या मुठीत चार धरला. "अहो, पॉलिश!" घड्याळजी किंचाळले. त्यांनी डाग पुसला, बोटांच्या रबरी टोप्या सारख्या केल्या आणि दोन बोटांत धरून दोन्ही लिव्हर ओढले. ताईंनी ड्रॉवर उघडलं, सकाळी साहेबांनी बारावरून उचलून आत ठेवलेलं पिवळं फडकं काढलं, चार ओढला, सात ओढला, लिव्हर परत लावले आणि फडकं पुन्हा ड्रॉवरमध्ये टाकून ड्रॉवर बंद केलं.

मग काका. त्यांनी ड्रॉवर उघडून फडकं घेतलं. चार. सात. दोन्ही आले. त्यांनी ते परत लावले, फडक्याची चौघडी केली, बारा नंबरवर टाकली आणि हात झटकत मागे वळले.

साहेबांची आणि ताईंची नजर बारा नंबरवर होती.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

*

"बसा," साहेब म्हणाले. ते मात्र उभेच राहिले.

"आधी सोपं ते सांगतो. काल सहाला कुलूप लागल्यानंतर आणि आज सेक्रेटरी येण्यापूर्वी कुणीतरी इथे आलं. खाचेत अडसर बसवला. बसवल्यावर चालतो का ते बघायला चार आणि सात ओढून पाहिलेच असणार. दमट हवेत उघड्या हाताचा डाग रात्रीतून उमटतो, एक-दोन-तीनवर उमटलाय. म्हणजे सेक्रेटरी उघड्या हाताने धरतात. चार-सातवर डाग नाही. येणाऱ्याने फडकं वापरलं आणि ते बारावर टाकून तो गेला. घड्याळजी टोप्या घालतात, शिवाय तेलकट फडकं ते पॉलिशवर मेले तरी टाकणार नाहीत. ताई ड्रॉवरमध्ये ठेवतात. बारा फालतू, म्हणून त्यावर फडकं टाकायचं, ही त्या एका केबिनची रीत होती, चौकशीच्या वेळी मी ती पाहिली होती. तिथे वावरलेल्या माणसाच्या हाताला ती असते, डोक्याला विचारावं लागत नाही. आत्ताही तसंच झालं."

काका हसले. पण हसू ओठांवरच राहिलं. "फडक्यावरून माणसाला फाशी देता होय, साहेब? फडकं काय, कुणीही टाकेल."

"बरोबर. फडक्याने फक्त माणूस कळतो. का केलं ते नाही कळत." साहेबांनी खिशातला कागद उलगडला. "ते याने कळतं. घड्याळजी, हा कोपरा इथे कापायची गरज आहे?"

"अजिबात नाही!"

"मग का कापला? कारण करणाऱ्याला हा अडसर एकाच आकाराचा माहीत होता. खऱ्या केबिनमध्ये या अडसराशेजारी एका जाड बोल्टचं डोकं होतं. अडसर त्याला घासायचा, सात जड यायचा. म्हणून कुणीतरी त्याचा एक कोपरा तिरका कापला होता. मॉडेलमध्ये तो बोल्टच नाही. तरी हाताने कोपरा कापला. हा तुकडा त्यानेच केला, ज्याने तो खरा अडसर घासला होता."

काकांनी तेलाची बुधली हळूच जमिनीवर ठेवली.

"अडसर घासायचा तर आधी काढावा लागतो," साहेब म्हणाले. "तो काढलेला असताना फ्रेम कशी चालते, ते ताईंच्या बाबांनी या रिकाम्या खाचेत लिहून ठेवलंय."

"काका?" ताई म्हणाल्या. "साहेब काय म्हणतायत? सांगा ना, की हे खोटं आहे."

काका गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. ते जमिनीकडे बघत बोलायला लागले.

"त्या दिवशी सात फार जड येत होता. दुपारी मी अडसर काढला. कोपरा घासायला तुकडा घट्ट पकडणारा शेगडा हवा होता, तो वर्कशॉपमध्ये. तोवर पाच वाजले. म्हटलं, उद्या घासून बसवू."

"बाबांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर वहीत नोंद झाली असती. नोंद झाली की सातला कुलूप लावून मला तिथेच थांबावं लागलं असतं. मला घरी जायचं होतं. कारण विचारू नकोस पोरी, काही कारणच नव्हतं. नुसतं घरी जायचं होतं." त्यांनी चेहरा पुसला. "अपघाताचं कळलं तेव्हा अडसर माझ्या खिशात होता. लोक जखमींना काढत होते आणि मी वर्कशॉपमध्ये कोपरा घासत होतो. उजाडायच्या आत बसवून आलो."

"आणि बाबा?"

"रोज ठरवायचो, उद्या सांगू. त्याने हे मॉडेल केलं तेव्हा पहिल्यांदा मलाच दाखवलं. म्हणाला, ओढ चार. मी ओढला. म्हणाला, ओढ सात." काकांनी बारा नंबरवरच्या फडक्याकडे पाहिलं. "त्याला संशय होता की नव्हता, देव जाणे. कधी विचारलं नाही त्याने. चहा दिला."

"तुम्ही त्यांना खांदा दिलात, काका," ताई म्हणाल्या. "माझ्या मशीनला तुम्ही तेल घालत होतात. आणि हे पोटात होतं?"

"पोटात होतं म्हणूनच तर येत होतो. गुरुवारी तू म्हणालीस, रविवारी सगळ्यांना दाखवणार. जुन्या माणसांतला कुणीतरी विचारणारच, मग तो अडसर गेला कुठे? माझी छाती फुटायची वेळ आली. आणि खरं सांगू? ती रिकामी खाच बघवतच नव्हती. वाटलं, आता तरी बसवावा."

घड्याळजी खिडकीकडे तोंड करून उभे होते. सेक्रेटरींना पहिल्यांदाच कुणाचे दात दिसत नव्हते.

ताईंनी डोळे पुसले. कापड बेतताना एक धागा वाकडा दिसावा, तशा त्या एकदम साहेबांकडे वळल्या.

"साहेब. खऱ्या अडसराचा कोपरा कापलेला होता, हे तुम्हाला कसं माहीत?"

खोटं कशाला सांगा, या प्रश्नाची साहेब सकाळपासून वाट बघत होते. ताईंनी तो विचारला नसता तर ते गप्प राहिले असते का? त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

"मी पाहिला होता," ते म्हणाले.

"कधी?"

"अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, तपासताना. झाकण काढलं. आत सगळं ग्रीसने काळंकुट्ट. आणि या एका अडसराच्या कोपऱ्यावर कानशीचे ताजे ओरखडे, चांदीसारखे. स्क्रूवर धुळीचा कण नाही. शेंबड्या पोरालाही कळलं असतं की हा नुकताच बसवलाय."

"मग रिपोर्टात का नाही लिहिलंत?"

"संध्याकाळी रिपोर्ट द्यायचा होता. लिहिलं असतं तर प्रश्न निघाला असता, फिटर कोण, त्याच्यावरचा माणूस कोण, बाकीच्या केबिनींत काय चाललंय. सगळं माझ्याच खात्यावर आलं असतं. केबिनवाला स्वतःच म्हणत होता, हात माझा चुकला. वरच्यांना तेवढं पुरे होतं." ते थांबले. "मलाही पुरे होतं. मी लिहिलं, अडसर सुस्थितीत. ते खोटं नव्हतं, ताई. म्हणूनच एकतीस वर्षं पचवता आलं."

"मी तुम्हाला देवमाणूस समजून फोन केला होता हो," ताई म्हणाल्या. "वाटलं, यांच्याकडून नजरचूक झाली असेल."

"नजर चुकली नव्हती," साहेब म्हणाले.

ताईंनी फडकं बारावरून उचललं, ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवर बंद केलं. "उद्या दहाला प्रदर्शन आहे. मी आईला नऊला घेऊन येते. तुम्ही दोघांनी तिला सांगायचं. माझ्या तोंडून मी सांगणार नाही."

*

रविवारी नऊला आई जिना चढून आल्या. बारीक, पांढऱ्या केसांच्या, प्रत्येक पायरीवर एक श्वास घेणाऱ्या. टेबलाजवळ खुर्ची होती, त्या बसल्या. फ्रेमच्या बाजूला दोन कागद ठेवले होते, एक काकांच्या अक्षरात, एक साहेबांच्या, खाली सह्या. प्रदर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाला वाचता यावेत असे.

काकांनी उभं राहून सगळं सांगितलं. मधे दोनदा थांबले. मग साहेबांनी सांगितलं. त्यांनी एकही शब्द गाळला नाही, घाई केली नाही, आणि शेवटी हात जोडले. "तुमच्या मालकांना खोटं ठरवणारा माणूस मी. खरं काय ते मला त्याच दिवशी दिसलं होतं."

आईंनी दोघांना पूर्ण ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. काकांकडे बघून एवढंच म्हणाल्या, "भावजी, खरं एकदा सांगायचंत हो. मग नळ गळला असता तरी चाललं असतं." काका खाली मान घालून ओक्साबोक्शी रडले.

मग आईंनी फ्रेमकडे पाहिलं. "हा ओढायचा कसा?"

ताई चमकल्या. "आई, तू कधीच नाही ओढलास?"

"नाही. ते रोज म्हणायचे, एकदा ओढून बघ. मी म्हणायचे, मला स्वयंपाक आहे."

ताईंनी ड्रॉवरमधून फडकं काढून त्यांच्या हातात दिलं. आईंनी फडक्याने चार नंबर धरला. तो आला. मग सात. दोन बोटांच्या जोराने, टक् असा आवाज करत सात आला.

आईंनी सात परत लावून पुन्हा एकदा ओढला.

"एवढा हलका येतो?" त्या म्हणाल्या.

साहेब पुन्हा काही बोलायला गेले. माफी हा शब्द त्यांच्या तोंडाशी आला होता. आईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"राहू द्या, साहेब. मी त्यांना म्हटलं होतं, चूक झालीय ना तुमची, मग मान्य करून टाका एकदाची, लोकांना लिव्हर ओढायला लावून हसं करून घेऊ नका. वीस वर्षं म्हणत होते." त्यांनी दोन्ही लिव्हर परत लावले, फडक्याची चौघडी केली आणि कुणी न सांगता ती बारा नंबरवर ठेवली. "तुम्ही तर परके होतात. मी घरात होते."

खाली जिन्यावर पहिल्या पाहुण्यांची पावलं वाजायला लागली. आई खुर्चीतून उठल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला आणि दारातून आत आलेल्या पहिल्या माणसाला जवळ बोलावलं.

"या," त्या म्हणाल्या. "ओढा चार. आता ओढा सात."